उजेडाचे वाटेकरी

रेणूने प्रकाश शोषला की त्याच्याजवळ जास्तीची ऊर्जा येते, आणि ती त्याला फार वेळ बाळगता येत नाही. बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांमध्ये हा व्यवहार काही नॅनोसेकंदांत आटोपतो. ऊर्जा उष्णता होऊन आजूबाजूच्या पाण्यात विरते, किंवा लांब तरंगलांबीचा प्रकाश होऊन बाहेर पडते, किंवा मग रेणू ‘ट्रिपलेट’ नावाच्या जरा टिकाऊ स्थितीत उतरतो आणि तिथून ती ऊर्जा ऑक्सिजनच्या स्वाधीन करतो. पाण्यातले शिसे, पारा, ॲल्युमिनियम ओळखणाऱ्या रेणूंची भिस्त दुसऱ्या वाटेवर असते. जीवाणू मारणाऱ्या रेणूंची तिसऱ्या वाटेवर. खळ्यावरची रास एक आणि वाटेकरी अनेक, असा हा प्रकार आहे: एकाच्या पोत्यात जास्त पडले की दुसऱ्याच्या पोत्यात तेवढे कमी. विषयाची ओळख करून देताना हे आधी सांगणे भाग आहे, कारण या क्षेत्रातले अनेक शोधनिबंध ‘धातू ओळखणारा आणि जीवाणू मारणारा रेणू’ अशा जोडशीर्षकाने येतात आणि वाचणाऱ्याला वाटते की हे दोन गुण एकमेकांना पोसतात. सहसा ते एकमेकांच्या वाट्यातले खातात. त्यामुळे अमुक रेणू चांगला का, हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही. कोणत्या पाण्यात, कोणत्या धातूसाठी, किती प्रमाणापर्यंत आणि कोणत्या उजेडात, हे आधी ठरले पाहिजे. रेणूची निवड त्यानंतरची. या प्रस्तावनेत एवढाच मुद्दा मांडायचा आहे, आणि तो तपासायला मोजपट्टी म्हणून खानापूर तालुक्यातले गुंजी आणि त्याच्या भोवतीचा बेळगाव-निपाणीचा सीमाभाग घेतला आहे.

वाटणीचा पुरावा डोळ्यांच्या दवाखान्यातच मिळतो. बुबुळावर जखम आहे का हे पाहण्यासाठी डॉक्टर फ्लुओरेसिनची पट्टी लावतात आणि निळ्या उजेडात जखम हिरवीगार दिसते. हे द्रव्य आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले. अल्कलीयुक्त पाण्यात ते शोषलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी नव्वदहून अधिक प्रकाशकण हिरव्या रंगात परत देते. आता याच सांगाड्यावर चार आयोडीन आणि चार क्लोरीन अणू बसवा. तयार होते ते रोझ बेंगॉल, तेही नेत्रतज्ज्ञांच्या ओळखीचे. सांगाडा तोच, पण आयोडीनसारख्या जड अणूंमुळे रेणू चटकन ट्रिपलेट स्थितीत उतरतो. पाण्यात त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे परत दिलेला प्रकाश, शंभरात दोन-तीन प्रकाशकणांवर येते, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश ऊर्जा ऑक्सिजनकडे जाऊन ‘सिंगलेट ऑक्सिजन’ हे त्याचे आक्रमक रूप तयार होते. म्हणूनच बुबुळाच्या बुरशीजन्य संसर्गावर हिरव्या प्रकाशासह रोझ बेंगॉल वापरून पाहिले जाते. फ्लुओरेसिनला त्या कामी कोणी बोलावत नाही. एक दाखवते, दुसरे मारते. मधले काही करणारे रेणूही आहेत. इओसिन हा त्यातलाच, चार ब्रोमीन अणूंचा. तो दोन्ही करतो आणि दोन्ही मध्यमच करतो.

या शास्त्राची सुरुवात अगदी साध्या पदार्थांपासून झाली. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणाचा निळा प्रकाश अभ्यासला आणि शोषलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर पडणाऱ्याची तरंगलांबी मोठी असते हे दाखवले. पुढे १८६७ मध्ये फ्रिडरिख गॉपेल्सरोडर यांनी मोरिन नावाचे पिवळे द्रव्य ॲल्युमिनियमच्या द्रावणात मिसळले तेव्हा हिरवी प्रतिदीप्ती दिसली. प्रकाशाने धातू ओळखण्याचा तो पहिला प्रयोग मानला जातो. त्यांनी मोरिन अमेरिकेतल्या एका रंगाच्या लाकडापासून घेतले होते, पण तेच द्रव्य फणसाच्या पिवळ्या गाभ्यातही असते. खानापूरच्या माणसाला फणस काय असतो हे सांगायला नको! दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो प्रयोग आजही फणसाच्या लाकडाचा भुसा, स्पिरिट, तुरटीचे पाणी आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा एवढ्या सामानावर शाळेत करून पाहण्यासारखा आहे. मारण्याच्या बाजूची सुरुवात म्युनिकमध्ये झाली. ऑस्कर राब हा विद्यार्थी हेरमान फॉन टापायनर यांच्याकडे अ‍ॅक्रिडीन रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावरील परिणाम पाहत होता. मारण्याची ताकद रंगात नसून रंग आणि उजेड यांच्या एकत्र येण्यात आहे, हे त्याच्या १९०० मधल्या लेखाने दाखवले. आपल्याकडे बावचीचे बी आणि ऊन यांचा पांढऱ्या कोडावरचा उपयोग आयुर्वेदात पूर्वीपासून आहे, आणि त्या बियांतले सोरालेन १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले. मात्र सोरालेनची रीत वेगळी आहे. ते अतिनील प्रकाशात थेट डीएनएच्या दोन धाग्यांना टाके घालते, ऑक्सिजनची वाट पाहत नाही. बावचीचा दाखला देऊन आजच्या सगळ्या प्रकाशोपचाराला परंपरेचा शिक्का मारण्याची घाई म्हणूनच करू नये.

धातू ओळखण्याची युक्ती थोडक्यात अशी. रेणूचा एक भाग चमकणारा असतो आणि दुसरा धातूला पकडणारा. धातू नसताना पकडणाऱ्या भागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीतला एक इलेक्ट्रॉन उद्दीपित झालेल्या चमकत्या भागाकडे धावतो आणि चमक विझवतो. धातूने ती जोडी गुंतवली की चमक परत येते. अ. प्रसन्न दि सिल्व्हा या मूळच्या श्रीलंकेच्या शास्त्रज्ञाने बेलफास्टमध्ये या तत्त्वावर आयुष्यभर काम केले, आणि रक्तातले सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या काही दवाखानी यंत्रांत ते तत्त्व उतरले. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ‘हे सगळे कागदावरच राहते’ या नेहमीच्या आक्षेपाला ती प्रत्यक्ष उत्तर देते. दुसरी रीत रोडामीनची: बंद कडी असताना रेणू रंगहीन असतो, धातू बसला की कडी उघडते आणि गुलाबी रंग व नारिंगी चमक दोन्ही येतात. तिसरी, आपल्या विद्यापीठांत सर्वांत जास्त चालणारी, शिफ बेसची: अल्डिहाइड आणि अमाइन अल्कोहोलमध्ये तापवले की बहुधा पिवळे स्फटिक खाली बसतात, खर्च नगण्य. एरवी त्या रेणूतला कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध हलत-डुलत ऊर्जा उष्णतेत घालवतो. ॲल्युमिनियम किंवा जस्त यांनी त्याला जखडले की हालचाल थांबते आणि ऊर्जा प्रकाशाच्या वाटेने बाहेर येते. तांबे आणि लोह मात्र उलटे वागतात. त्यांच्यातले एकाकी इलेक्ट्रॉन ऊर्जा शोषून घेतात आणि चमक विझते. पारा आणि शिसे हे स्वतःच जड अणू असल्यामुळे तेही बहुतेकदा विझवतातच. विझण्यावरून निदान करणे धोक्याचे असते, कारण चमक विझायला पन्नास कारणे असतात आणि पेटायला मोजकी. हे जाणणारा संशोधक ‘पेटणारा’ रेणू शोधतो. न जाणणारा लोहाने विझलेला प्रत्येक रेणू लोहाचे संवेदक म्हणून जाहीर करतो.

आता आकडे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. ॲल्युमिनियमसाठी ०.०३ मिलिग्रॅम ही इष्ट आणि ०.२ ही पर्यायी स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा आहे. शोधनिबंधांत मोजमाप मोलमध्ये असते, म्हणून रूपांतर करून पाहावे: शिसे सुमारे ४८ नॅनोमोलर, कॅडमियम सुमारे २७, पारा सुमारे ५, आणि ॲल्युमिनियम मात्र एक मायक्रोमोलरच्या थोडे वर. एखादा रेणू एक मायक्रोमोलरपर्यंत शिसे ओळखतो असे अभिमानाने लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ मर्यादेच्या वीसपट शिसे झाले की तो बोलायला लागतो. त्याआधी पाणी प्यालेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. तीच संवेदनशीलता ॲल्युमिनियमसाठी मात्र पुरते. एकच आकडा एका धातूसाठी यश आहे आणि दुसऱ्यासाठी अपयश, आणि हे रसायन न बदलता नुसत्या भागाकाराने कळते. सीमाभागात हा भागाकार कोणासाठी करायचा तेही उघड आहे. बेळगावजवळ पूर्वीच्या इंडालचा, आताच्या हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना अनेक दशके आहे. शहराचे पाणी निवळायला सगळीकडेच तुरटी वापरतात, तीही ॲल्युमिनियमचीच. उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. खानापूर मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, आणि भांड्यांवरच्या चकाकीत शिसे असू नये ही काळजी जगभर घेतली जाते. निपाणीचा परिसर तंबाखूचा, आणि तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत साठवते हे शेतीशास्त्राला चांगले ठाऊक आहे. फॉस्फेट खतांतून ते जमिनीत येत राहते. यातल्या कोणत्याही ठिकाणी प्रदूषण आहेच, असा आरोप इथे करायचा नाही. कोणता धातू कुठे शोधण्याजोगा आहे, एवढाच या यादीचा उपयोग. गुंजीत पाऱ्याचे संवेदक घेऊन फिरण्याला अर्थ कमी, निपाणीच्या शेतात कॅडमियमचे घेऊन फिरण्याला अर्थ जास्त.

गुंजी हे खानापूर आणि लोंढा यांच्यामधले स्टेशन. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा पट्टा. पाऊस मुसळधार, जंगल दाट, जांभ्याची तांबडी जमीन. मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. अशा मुलखातल्या ओहोळाचे पाणी प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्यापेक्षा दोन बाबतींत निराळे असते, आणि त्या दोन्ही या रेणूंच्या मुळावर येतात. पहिली बाब लोह. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा दगड. त्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह असले तर ते जवळजवळ प्रत्येक चमक कमी-अधिक विझवते. दुसरी बाब पालापाचोळ्याची. कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरणारी ह्युमिक द्रव्ये अतिनील प्रकाश शोषतात आणि स्वतःच निळसर चमकतात, साधारण ४२० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. नेमक्या याच पट्ट्यात कितीतरी शिफ बेस चमकतात. म्हणजे भर पावसाळ्यात गुंजीच्या ओहोळाचे पाणी जांभळ्या दिव्याखाली धरले तर कोणताही रेणू न टाकताच ते फिकट निळे दिसू शकते, आणि उत्साही परीक्षक त्याला ॲल्युमिनियम म्हणेल. इलाज आहेत: लाल रंगाकडे चमकणारे रेणू निवडणे, एका रंगावर न थांबता दोन रंगांचे गुणोत्तर मोजणे, नमुना रेणूसह आणि रेणूविना असा दोनदा पाहणे. यातला शेवटचा इलाज फुकट आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा विसरला जातो. आणखी एक अडचण द्रावकाची. अनेक रेणू पाण्यात विरघळत नाहीत म्हणून त्यांची परीक्षा अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल मिसळलेल्या पाण्यात होते. गावच्या नळाला अ‍ॅसिटोनायट्राइल येत नाही. या अडचणीवर निघालेली एक चांगली वाट म्हणजे न विरघळणाऱ्या रेणूंचेच नॅनोकण करून ते पाण्यात तरंगत ठेवणे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अशा प्रतिदीप्त सेंद्रिय नॅनोकणांवर बरेच काम झाले आहे, आणि हाँगकाँगमध्ये बेन झोंग तांग यांनी २००१ पासून गोळा झाल्यावरच चमकणाऱ्या रेणूंचे एक मोठे दालन उघडले. गुंजीच्या पाण्याला अ‍ॅसिटोनायट्राइलपेक्षा हे तरंगते कण जवळचे आहेत.

इथे कोणी विचारील की हा खटाटोप कशाला. अणुशोषण वर्णपटमापक आणि त्याहून सूक्ष्म यंत्रे याच धातूंचे प्रमाण बिनचूक सांगतात, मग दिव्याखाली बाटली धरून अंदाज का बांधायचे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘आमचा रेणू यंत्रापेक्षा चांगला’ असे असूच शकत नाही. उत्तर संख्येत आहे. बांगलादेशात आर्सेनिकची आपत्ती उघड झाल्यावर सुमारे पन्नास लाख हातपंपांचे पाणी साध्या रंगबदलाच्या पेटीने तपासले गेले आणि हातपंप लाल व हिरवे रंगवले गेले. पेटीच्या चुका झाल्या, विशेषतः मर्यादेच्या आसपासच्या प्रमाणात, आणि त्यावर वादही झाले. पण यंत्राची वाट पाहिली असती तर त्यातले कितीतरी हातपंप कधीच तपासले गेले नसते. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या पेटीत क्लोरीन, लोह, फ्लुओराइड, नायट्रेट, कठीणपणा अशा गोष्टी असतात. शिसे आणि कॅडमियम यांना त्या नेहमीच्या पेटीत जागा नसते. तीच रिकामी जागा या रेणूंची आहे. शंभर विहिरींतून संशयित पाच निवडून यंत्राकडे पाठवणे, एवढे काम नीट झाले तरी पुष्कळ. आणि असा प्रकाशरेणू रोजच्या वापरात येऊ शकतो याचा दाखला पाण्याच्याच क्षेत्रात आहे. ई. कोलाय हा जीवाणू एका विशिष्ट साखरेशी असलेला बंध तोडणारे विकर बनवतो. त्या साखरेला कुमारिन कुळातला रेणू जोडून ठेवला तर जीवाणू असलेले पाणी ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळे चमकते. १९८२ मध्ये पुढे आलेली ही कल्पना आज जगभरच्या पाणी प्रयोगशाळांत रुळली आहे. त्याच १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी हायड्रोजन सल्फाइडची कागदपट्टी प्रसिद्ध केली: विष्ठेतले जीवाणू असतील तर बाटली काळी पडते, कारण त्यांनी सोडलेला वायू पट्टीतल्या लोहाशी संयोग पावतो. दिवा लागत नाही, शिक्षण फारसे लागत नाही. प्रकाशरेणूंनी स्पर्धा करायची तर या काळ्या बाटलीशी करावी. महागड्या यंत्राशी तुलना करून जिंकल्याचा आव आणणे सोपे असते.

मारण्याच्या बाजूकडे वळताना विषयाची निकड वेगळी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवल्याचा अंदाज लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविक बहुधा जीवाणूतल्या एका कुलपाला बसणारी किल्ली शोधते आणि जीवाणू कुलूप बदलतो. सिंगलेट ऑक्सिजनला असे एकच लक्ष्य नसते. आवरणातली मेदद्रव्ये, प्रथिने, केंद्रकाम्ले, जे समोर येईल त्याचे तो ऑक्सिडीकरण करतो. म्हणून त्याला प्रतिकार उभा करणे जीवाणूला कठीण जाते, आणि प्रयोगशाळेत वारंवार अपुरी मात्रा देऊनही असा प्रतिकार सहसा दिसलेला नाही. पण हाच गुण मर्यादाही घालतो. पाण्यात सिंगलेट ऑक्सिजन काही मायक्रोसेकंदच टिकतो आणि तेवढ्यात फार तर काहीशे नॅनोमीटर जातो. रेणू जीवाणूला चिकटलेला असेल तरच घाव बसतो. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंचे आवरण सच्छिद्र असल्याने त्यांच्यावर जवळपास कोणताही रंग चालतो. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून ऋणभारित मेदाचे आणखी एक आवरण असते आणि तिथे धनभारित रेणूच नीट चिकटतो. मेथिलीन ब्लू हा १८७६ पासून ठाऊक असलेला स्वस्त रंग धनभारित आहे आणि लाल प्रकाश शोषतो. दातांच्या हिरड्यांवर तो वापरतात, आणि व्हँकुव्हरच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नाकातले जीवाणू मारायला त्याचा नियमित वापर करून पाहिला गेला. आपल्या भागातला साहजिक उमेदवार मात्र हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातले कर्क्युमिन निळा प्रकाश शोषते, चमकते, धातूंना धरते आणि उजेडात जीवाणूही मारते. एवढे सगळे एका पदार्थात पाहून भुलायला होते. पण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, शरीराच्या सामूत काही मिनिटांत विघटन पावते आणि उजेडात स्वतःच फिके पडते. त्याची ही चमक आणि हे धातूप्रेमच चाचण्यांना फसवते, असा इशारा औषधरसायनाच्या एका गाजलेल्या समीक्षेने २०१७ मध्ये दिला. हळद टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. पण तिच्यावरच्या दाव्यांना दुप्पट तपासणी लावली पाहिजे, कारण तिच्याविषयी आपण आधीच अनुकूल असतो.

या बाजूवर तीन आक्षेप येतात. पहिला, प्रकाश शरीरात शिरतो किती? निळा फार थोडा, लाल काही मिलिमीटर. तेव्हा न्यूमोनिया किंवा रक्तातला संसर्ग यांवर हा उपाय नाही. जखम, भाजलेली त्वचा, मधुमेहाच्या पायाचा व्रण, तोंड, नाक, डोळा ही त्याची हद्द. ती हद्द मान्य करूनही ती लहान नाही, शेतात अनवाणी काम करणाऱ्या मधुमेही माणसाच्या दृष्टीने तर नाहीच. दुसरा, नुसते ऊन जीवाणू मारतेच, मग रंग कशाला? खरे आहे, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवले तर जुलाबाचे बहुतेक जीवाणू मरतात. पण आभाळ भरून आले की दोन दिवस ठेवावे लागते, आणि गुंजीसारख्या गावात पाणी गढूळ होते ते नेमके आषाढ-श्रावणात. ऊन असते तेव्हा गरज कमी, गरज असते तेव्हा ऊन नाही. रंग थोड्या उजेडातही काम करतो हे त्याचे समर्थन. पण तो पिण्याच्या पाण्यात राहता कामा नये, म्हणून मण्यांवर किंवा कापडावर घट्ट बांधलेला असला पाहिजे. तिसरा आक्षेप बाहेरचा नाही, घरचाच आहे आणि सर्वांत गंभीर आहे. शिफ बेस आणि त्यांची धातुसंयुगे यांच्या कितीतरी निबंधांत जीवाणूनाशक गुण आगरच्या थाळीत, बंद उबवणीपेटीत, म्हणजे अंधारात तपासलेला असतो. जीवाणू न वाढलेले वर्तुळ किती मिलिमीटर आले ते लिहिलेले असते. दिवा लावलेला नसतो. त्यातला रेणू चमकतो हे एका आकृतीत आणि जीवाणू मारतो हे दुसऱ्या तक्त्यात, आणि दोघांचा संबंध फक्त शीर्षकात. तांब्याचे संयुग अंधारातही जीवाणू मारते, कारण तांबेच मारते. उजेडाचे श्रेय मोजायचे तर चार नमुने हवेत: रेणू आणि उजेड, रेणू पण अंधार, उजेड पण रेणू नाही, आणि दोन्ही नाहीत. मग मोजायची ती जिवंत वसाहतींची संख्या, वर्तुळाची रुंदी नव्हे.

तर मग धातू, जीवाणू आणि प्रकाश यांचा खरा संबंध कुठेच नाही का? आहे, आणि तो जीवाणूनेच जोडलेला आहे. जखमा चिघळवणारा स्युडोमोनास हा जीवाणू लोहासाठी भुकेला असतो. आपले शरीर लोह प्रथिनांत बंदिस्त ठेवते, म्हणून तो पायोव्हर्डिन नावाचा पिवळा-हिरवा रेणू बाहेर सोडतो, जो लोह पकडून परत आणतो. हा रेणू अतिनील उजेडात चमकतो. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर दिवा धरला की ती हिरवी दिसते ती यामुळेच. लोह पकडले की चमक विझते. म्हणजे धातू ओळखणारा, चमकणारा आणि विझणारा रेणू जीवाणूने स्वतःच्या पोटासाठी कधीच बनवून ठेवला आहे. औषधशास्त्राने या भुकेचा फायदा घेतलाही: सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक लोह पकडणाऱ्या भागासह बनवलेले आहे आणि जीवाणू ते लोहासोबत आपण होऊन आत घेतो, अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. त्याच दरवाजाने प्रकाशरेणू आत पाठवण्याचे प्रयत्न चालू आहेत. मुरुमांचा जीवाणू तर स्वतःच पोर्फिरिन नावाचा रंग बनवतो आणि ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या उजेडात स्वतःच्याच रंगाने मरतो. इथे धातू, प्रकाश आणि जीवाणू कोणी शीर्षकात जोडलेले नाहीत. त्यांची गाठ जीवाणूच्या गरजेतून पडली आहे. जड धातू बसल्यावर रेणूची चमक जाऊन मारण्याचा वाटा वाढतो, ही सुरुवातीची वाटणीही इथे कामाला लावता येईल. एकच रेणू दोन्ही कामे करील असा दावा ऐकला की मात्र आधी हे विचारावे: शोषलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी किती चमकेत गेले आणि किती ऑक्सिजनकडे? दोन्ही आकडे मोजून दिलेले असतील तर दावा वाचण्यालायक आहे. नसतील तर ते दोन वेगळे निबंध एका शीर्षकाखाली बांधलेले आहेत.

हे काम दूरच्या प्रयोगशाळांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था पश्चिम घाटातल्या वनस्पतींवर काम करते, तिथेच वैद्यकीय महाविद्यालये आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. निपाणीला खेटून पण महाराष्ट्रात मोडणाऱ्या अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे. आणि कोल्हापूर निपाणीहून तासाभराच्या वाटेवर. सीमा राज्यांची आहे, मलप्रभेच्या पाण्यातल्या आयनांना ती लागू नाही. म्हणून पदव्युत्तर वर्गांतल्या मार्गदर्शकांना एक विनंती. पुढचा शिफ बेस बनवण्याआधी विद्यार्थ्याला दोन बाटल्या देऊन गुंजीला किंवा आपापल्या गावाला पाठवा; एक बाटली वैशाखात भरून आणायला सांगा, दुसरी आषाढात. त्या पाण्यात रेणू न टाकता काय चमकते ते आधी मोजा, मग टाकून मोजा, आणि आलेली मर्यादा आयएस १०५०० च्या आकड्याशेजारी लिहा. जीवाणूंची चाचणी दिवा लावून आणि दिवा विझवून, दोन्ही प्रकारे करा. निष्कर्ष नकारार्थी आला तरी तो छापा.